चार शॉकअप आणि पाटचारीचं वळण

धर्मराज सोळा वर्षांचा असताना, म्हणजे १९८१ साली, सुरजमल शेठच्या ट्रकवर क्लीनर म्हणून चढला. घरी चार एकर कोरडवाहू होती, ती थोरला भाऊ कसायचा. बैलामागं चालायचा धर्मराजला कंटाळा. ट्रकच्या मागं लटकून कुंभार पिंपळगावातून घनसावंगीला जायला मिळालं की त्याला दिवस सोन्याचा वाटायचा. शेठचं पिंपळगावच्या बाजारात सरकी-ढेपेचं दुकान होतं. कापसाच्या दिवसांत ट्रक जालन्याच्या जिनिंगला जायचा, ऊस सुरू झाला की अंकुशनगरच्या कारखान्याला. त्या वेळी कादरभाई नावाचे उस्ताद गाडी चालवायचे. ते थकले तेव्हा स्टेअरिंग धर्मराजकडे आलं आणि मग ते त्याच्याकडेच राहिलं.

लग्न झालं, नंदाबाई घरात आली, एक मुलगी झाली, ती पुढं परतूरला दिली. या सगळ्यात ट्रक तोच, शेठ तेच. क्लीनर मात्र दोन-तीन बदलले आणि शेवटी पुंजाराम आला तो टिकला. पुंजाराम धर्मराजच्याच वयाचा, गावातलाच. अंगानं किरकोळ, पण उसाच्या मोळ्यांवर माकडासारखा चढायचा. तो धर्मराजला "धर्माभाऊ" म्हणायचा. दोघांची शिदोरी एकाच फडक्यात बांधलेली असायची. पुंजारामची बायको कौसल्या ठेचा फार तिखट करायची, म्हणून पुंजाराम नंदाबाईच्या भाकरीवर डल्ला मारायचा आणि धर्मराज कौसल्याच्या ठेच्यावर.

२००० सालच्या दसऱ्याला गाडीची पूजा झाली. नारळ फोडून झाल्यावर शेठ वाकून मागच्या चाकाकडं बघत म्हणाले, "धर्मा, डाव्या बाजूचे पाटे बसलेत. बदलून घे. मिस्त्रीला मी सांगून ठेवलंय."

ट्रकच्या मागं जो लोखंडी पट्ट्यांचा थर असतो, ज्याच्यावर सगळा भार तोलला जातो, त्याला पाटे म्हणतात. धर्मराजनं पाहिलं तर मुख्य पाट्याला केसाएवढी चीर होती. घनसावंगीच्या मिस्त्रीकडं त्या दिवसांत गाड्यांची रांग लागलेली, कारण सगळ्यांचाच हंगाम तोंडावर आलेला. गाडी तिथं उभी केली तर पहिल्या फेऱ्या दुसऱ्यांच्या पदरात जाणार. धर्मराजनं चिरेवर लोखंडी पट्टी आवळली, वरून बोल्ट ताणले.

पुंजारामनं विचारलं, "धर्माभाऊ, टिकंल का हे?"

"हंगाम होऊ दे. मंग बघू."

पौषातली गोष्ट. कालव्याला पाणी सुटलं होतं. गावाच्या खालच्या अंगाला पाटचारीवरून रस्ता वळतो, तिथं विजेची तार इतकी खाली लोंबायची की भरलेला ट्रक आला म्हणजे क्लीनरनं उसावर उभं राहून बांबूनं ती उचलून धरावी लागायची. पुंजाराम वर होता. धर्मराजला एवढंच आठवत होतं की "कट्" असा आवाज झाला आणि समोरच्या काचेत रस्त्याऐवजी आभाळ आलं. ट्रक पाटचारीत उलटला. पुंजारामनं अंबडच्या दवाखान्यात प्राण सोडला. धर्मराजच्या पाठीचा कणा मोडला. औरंगाबादला मोठा मुक्काम झाला, आणि तो परत आला तेव्हा कमरेखाली त्याला काही कळत नव्हतं. चिमटा काढला तरी नाही, विस्तव ठेवला तरी नाही.

तो दवाखान्यात असतानाच गावानं निकाल लावून टाकला होता. "शेठनं पाट्यात हात आखडला आन् माणूस घालवला." पाटा तुटलेला सगळ्यांनी पाहिला होता. गाडी शेठची, मग पाटाही शेठचा. शेठची बायको इचरजबाई पहिल्याच आठवड्यात गव्हाचं पोतं घेऊन कौसल्याच्या दारी गेली, तर कौसल्यानं ते गाडीवरून उतरूच दिलं नाही. पुढं शेठनं ट्रक विकला. इचरजबाईनं बाजारातून चालत जायचं सोडलं.

 धर्मराजनं शेठवर कधी आळ घेतला नाही, पण कुणी घेतला तर तोडलाही नाही. त्याच्या मनात एक धागा होता आणि त्याला तो लटकून होता. पाणी सुटलेलं होतं, म्हणजे पाटचारीची कड ओली होती. समजा कड ढासळली असेल? समजा गाडी आधी घसरली असेल आणि पाटा उलटताना तुटला असेल? मग चूक कुणाचीच नाही. पट्टीचं आणि या कडेचं त्यानं फक्त नंदाबाईला सांगितलं होतं. "कट्" हा आवाज आधी झाला की आभाळ आधी दिसलं, हे तो डोळे मिटून पुन्हा पुन्हा ऐकायचा. कधी हे आधी वाटायचं, कधी ते.

नंदाबाईनं शिलाई मशीन घेतली. ब्लाउज, परकर, शाळेचे ड्रेस. छपरीत एका बाजूला मशीन, दुसऱ्या बाजूला त्याची बाज. हातांनी चालवायची तीनचाकी सायकल शिबिरात मिळाली होती, ती भिंतीला टेकून उभी. तो फारसा बाहेर पडत नसे.

२००३ च्या दिवाळीनंतर शेठचा मुलगा बालकिशन एक खोका घेऊन आला. तो तिशीतला, दुकान आता तोच बघायचा. बापाचं येणं-जाणं बंद झालं तरी हा अधूनमधून येऊन धर्मराजची विचारपूस करून जायचा.

"काका, सुरतहून मेव्हण्यांनी पाठवलंय. चार दिवस चाललं, मंग बंद पडलं. तुम्ही बघता का?"

खोक्यात ट्रक होता. हातभर लांब, लाल, भाकरीएवढी चाकं आणि उंच धरलेली पाठ. सोबत दोन दांड्यांचा रिमोट. खोक्यावर "मॉन्स्टर ट्रक" लिहिलेलं होतं, बालकिशननं वाचून दाखवलं. धर्मराजनं खालचं झाकण खोललं, बॅटरीची सुटलेली तार लावली आणि दांडी दाबली. ट्रक सुसाट निघाला आणि मशीनच्या पायावर आदळला.

"राहू द्या तुमच्याकडं," बालकिशन हसत म्हणाला. "घरी कपाटावर धूळ खाईल. तुमचा वेळ तरी जाईल."

तो गेल्यावर नंदाबाईनं सुई टोचावी तसं म्हटलं, "पाय गेले आन् खेळणं आलं. लोक काय म्हनतील?"

धर्मराज ऐकत नव्हता. पहिले काही दिवस तो नुसता खेळला. बाजेवर बसून ट्रक दारातून अंगणात न्यायचा, तुळशीला वळसा घालायचा, कोंबड्यांच्या मागं लावायचा. लाइट आली की बॅटरी चार्जिंगला. नंदाबाईनं त्याला तीन वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं हसताना ऐकलं आणि तिचा राग निवला. खेळतोय तर खेळू दे, असं तिनं मनाशी म्हटलं.

मग एक दिवस त्यानं ज्वारीच्या कडब्याच्या कांड्या बोटभर लांबीच्या तोडल्या, त्यांच्या मोळ्या बांधल्या आणि ट्रकच्या पाठीवर रचल्या. तो स्वतः पोत्यावर उतरला, हातांवर अंग ओढत अंगणात गेला आणि मातीचा रस्ता करू लागला. नंदाबाई ब्लाउजाला काज करत होती. तिनं सहज मान वर केली. रस्ता सरळ येत होता, मग डावीकडं वळत होता, आणि वळणाच्या पोटात त्यानं एक चर खणला होता.

 ते वळण तिनं ओळखलं होतं.

भरलेला ट्रक त्या वळणावर आला की दर वेळी उलटायचा. कड कोरडी असो की ओली, जोरात असो की हळू, तो उलटायचाच. मातीतल्या खड्याला चाक लागलं की मागची बाजू उडायची, उडाली की थांबायचीच नाही, डुचमळत राहायची आणि कलंडायची. धर्मराजनं मागचे शॉकअप, म्हणजे हादरे झेलणाऱ्या नळ्या, खोलून पाहिले. प्लास्टिकच्या नळीत नुसती स्प्रिंग होती. तेल नव्हतंच.

"यानं काय कळणार?" तो स्वतःशीच म्हणाला. "ज्याच्या खाली धड शॉकअपच न्हाईत, तो पडणारच. याचे शॉकअप चांगले पाहिजेत. चांगल्या शॉकअपवरबी पडला, तरच कडेचा दोष."

नंदाबाईला त्या दिवशी कळलं की तो या खेळण्यात काय शोधतोय.

त्यानं आधी स्प्रिंगा बदलून पाहिल्या. पेनाची स्प्रिंग भारानं चपटी व्हायची. टॉर्चची आखूड पडली. कापसावर फवारायच्या जुन्या पंपाच्या मुठीतली स्प्रिंग निघाली, ती ताठ होती. तिनं भार उचलला, पण आता ट्रक चेंडूसारखा उड्या मारायला लागला. ताठ स्प्रिंगनं भार पेलतो, पण उडी थांबत नाही. उडी थांबवायला तेल लागतं. शॉकअपच्या आत एक दट्ट्या असतो, त्याला बारीक भोकं असतात, दट्ट्या तेलातून सरकतो आणि तेल त्याला सावकाश सोडतं. हे मोठ्या गाडीत तसंच आणि लहानातही तसंच. त्यानं नळीत नंदाबाईच्या मशीनचं तेल घालून पाहिलं, तर रात्रीत सगळं झिरपून गेलं. प्लास्टिकची नळी तेलासाठी केलेलीच नव्हती.

बालकिशन आला तेव्हा धर्मराजनं विषय काढला. "पुण्याला जाणं होतं ना तुमचं? असल्या गाड्यांचे चांगले शॉकअप मिळतात का बघा. तेलाचे."

बालकिशनला गंमत वाटली. पुण्याला खेळण्यांच्या दुकानातूनच त्यानं धर्मराजच्या शेजाऱ्यांकडं फोन केला. नंदाबाईनं धर्मराजला सायकलवर बसवून तिथं नेलं. "काका, दुकानदार विचारून राह्यला, लांबी किती? वरच्या भोकापासून खालच्या भोकापोतर."

धर्मराजनं नंदाबाईच्या टेपनं माप घेऊन आणलंच होतं. ते ऐकून पलीकडं थोडी कुजबुज झाली. "दोन तऱ्हेचे आहेत म्हणे. एक प्लास्टिकचा, आतलं तेल कायमचं बंद केलेलं. दुसरा ॲल्युमिनियमचा, झाकण उघडतं, तेल बदलता येतं, आन् वर एक कडं आहे, ते फिरवलं की स्प्रिंग कडक-नरम होते. हा महाग आहे पर राहू द्या, ते मी बघतो. दिसायलाबी हाच भारी आहे."

"दिसण्याचं सोडा. ज्याचं तेल बदलता येतं तो. चारीबी."

"चार कशाला? मागचे दोनच ना मोडले?"

"मागचे नरम आन् पुढचे कडक, असं जमत न्हाई बालकिशनभाऊ. तोल जातो. चार पाहिजेत."

निळ्या रंगाचे चार शॉकअप आले, सोबत बाटलीत थोडं तेल. धर्मराज ते बाजेवर फडक्यावर मांडून बसला. नळी उभी धरायची, तेल भरायचं, दट्ट्या हळू वर-खाली करायचा, बुडबुडे येतात ते येऊ द्यायचे, शेवटचा बुडबुडा निघाला की झाकण लावायचं. आत हवा राहिली तर शॉकअप मधेच पोकळ पडतो. दोन शॉकअपमध्ये हवा राहिली, त्यानं ते पुन्हा खोलले. हिवाळा होता, तेल घट्ट वाटलं म्हणून त्यानं त्यात मशीनचं तेल मिसळून पाहिलं, तर आतलं रबर फुगलं आणि दट्ट्या अडकायला लागला. रबर पुसून, वाळवून पुन्हा मूळ तेल भरलं. कडं एकेक आटा फिरवत त्यानं चारही बाजू अशा बसवल्या की भरलेला ट्रक जमिनीला समांतर उभा राहायचा. हातानं दाबून सोडला की एकदाच वर यायचा आणि शांत व्हायचा.

"बघ," तो नंदाबाईला म्हणाला. "आता गाडी म्हनावी अशी झाली."

त्याच्या तोंडावर आनंद नव्हता. परीक्षेचा कागद हाती पडण्याआधी माणूस दिसतो, तसा तो दिसत होता.

त्यानं वळणावरची कड पाण्यानं ओली केली आणि भरलेला ट्रक सोडला. ट्रक वळला. डावं मागचं चाक कडेवर आलं, कडेची माती थोडी खचली, ट्रक चराकडं झुकला, शॉकअप दबले आणि त्यांनी त्याला पुन्हा सरळ उचललं. तो पलीकडं गेला.

धर्मराजनं आणखी पाणी ओतलं. ट्रक गेला. वेग वाढवला. ट्रक गेला. मग त्यानं डाव्या बाजूचा मागचा शॉकअप काढून घेतला आणि कड कोरडी असताना सोडला. ट्रक वळणाच्या तोंडाशीच कलंडला आणि मोळ्या चरात विखुरल्या.

इतकं दिसल्यावर दुसऱ्या कुणी थांबलं असतं. धर्मराज थांबला नाही. शॉकअप परत बसवायचा, कड ओली करायची, ट्रक सोडायचा. रोज तेच. फाल्गुन गेला, चैत्र आला. दिवसभर तो ओल्या पोत्यावर, ओल्या मातीत बसलेला असायचा. बालकिशन एकदा उभा राहून बघत होता. त्यालाही वळण ओळखू आलं असावं. तो चाचरत म्हणाला, "काका, खेळणं ते खेळणं. याच्यावरून खऱ्या गाडीचं कसं सांगणार?"

"न्हाई सांगता येत," धर्मराज म्हणाला. "म्हणूनच परत करून बघून राह्यलो."

एका दुपारी त्याला बाजेवर चढवताना नंदाबाईच्या हाताला काहीतरी ओलं लागलं. तिनं धोतर बाजूला केलं. बसायच्या जागी तळहाताएवढी जखम होती, काळी पडलेली, आणि तिला वास येत होता. त्याला काहीच कळलं नव्हतं. कळायला तिथं जाणीवच नव्हती. किती दिवस तो त्या जखमेवर बसत होता कोण जाणे.

 नंदाबाईनं त्याला बाजेवर पालथं केलं, मग ती अंगणात गेली आणि पायानं ती कड तुडवून टाकली.

"अजून किती पानी घालनार हाव तुम्ही त्या कडंला?" ती ओरडली. "तळं करा आता, म्हंजे पडंल तो! मी पाहिली व्हती कड. तुम्हाला अंबडला नेल्यावर मी तिथंच उभी व्हते. चाकाचा ठसा व्हता कडंवर, बाकी कड जशीच्या तशी. ढासळली न्हाई. कुठंच ढासळली न्हाई."

तो पालथा पडला होता. तोंड बाजेच्या सुतळीत होतं. तसाच तो म्हणाला, "मंग तीन वर्ष सांगितलं काहून न्हाई?"

"तुम्ही त्या कडंवर जगून राह्यले व्हते. कसं सांगू?"

जालन्याच्या दवाखान्यात जखम साफ केली. डॉक्टरांनी सांगितलं, पाठीवर झोपायचं नाही, बसायचं नाही, भरेपर्यंत पालथं पडून राहायचं. ऐन उन्हाळ्यात धर्मराज पत्र्याखाली पालथा पडला. नंदाबाई सकाळ-संध्याकाळ जखम धुवायची.  वैशाखात एक दिवस तो म्हणाला, "कौसल्याला बोलव."

नंदाबाईनं हातातला बोळा खाली ठेवला. "सांगून काय होनार? आज लोक शेठला बोलतात, उद्या आपल्याला बोलतील. मला याच गावात ऱ्हायचंय. माझ्याकडं ब्लाउज कोण टाकील?"

"खरं हाय तुझं."

"मंग?"

"तरी बोलव."

ती दोन दिवस गेली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी डोक्यावर पदर घेऊन निघाली.

कौसल्या शाळेत खिचडी शिजवायची. पुंजाराम गेल्यापासून ती या घरात आली नव्हती. आली ती उंबऱ्याच्या आत बसली नाही, बाहेरच पायरीवर टेकली. नंदाबाईनं चहा ठेवला, तिनं कप हातात घेतला नाही.

धर्मराजला मान वळवून एका गालावर पडून बोलावं लागलं. तिचे फक्त पाय आणि लुगड्याचा काठ त्याला दिसत होता.

"कौसल्या, शेठनं दसऱ्यालाच सांगितलं व्हतं पाटे बदल म्हून. मिस्त्रीलाबी सांगून ठेवलं व्हतं. मीच न्हाई बदलले. गाडी उभी ऱ्हाईल, फेऱ्या जातील म्हून. चीर दिसत व्हती. मी पट्टी मारली. पुंजाराम म्हनला व्हता, टिकंल का. मी म्हनलं, हंगाम होऊ दे. शेठचा काही दोष न्हाई. एवढंच सांगायचं व्हतं."

 कौसल्या जे बोलली ते त्याच्याशी नव्हतंच.

"मी त्या बाईचे गहू परत केले," ती म्हणाली. "चारचौघांत. तोंडाला येईल ते बोलले."

नंदाबाई चुलीपाशी पदर तोंडाला लावून उभी होती.

"पाट्याचं मला म्हाईत व्हतं," कौसल्या पुढं म्हणाली. "घरी बोलले व्हते ते. म्हनले, पाटा चिरलाय, पर धर्माभाऊ बघतील. मला वाटलं शेठनंच न्हाई म्हनलं असंल." तिनं पायरीवरचा कप उचलला, पाहिला, परत ठेवला. "तुम्हाला एक सांगते. त्यांना अंबडला नेलं त्या जीपमधी माझा भाऊ वसंता व्हता. अंबड येईपोतर ते सुदीवर व्हते. एकच विचारून राह्यले व्हते, धर्माभाऊ निघाला का बाहेर, धर्माभाऊ निघाला का. वसंतानं मला सांगितलं. मी तुम्हाला सांगितलं न्हाई. सांगावं वाटलंच न्हाई."

ती उठली आणि गेली. त्यानं माफी मागितली नव्हती. मागितली असती तर तिनं काय म्हटलं असतं, ते तिलाही ठाऊक नसेल. धर्मराजनं तोंड सुतळीत घातलं. त्याची पाठ हलताना नंदाबाईला दिसत होती, फक्त वरची अर्धी.

कौसल्या तिथून थेट शेठच्या घरी गेली. इचरजबाईपुढं काय बोलली ते बाहेर आलं नाही, पण दुसऱ्या दिवशी सुरजमल शेठ स्वतः काठी टेकत धर्मराजच्या दारी आले. तीन वर्षांत ते फार उतरले होते. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"आज सांगून राह्यला?" ते म्हणाले. "तीन वर्षांनी?"

"चुकलो शेठजी."

"मला बोलता येत नव्हतं का? मी एकदा नाही, तीनदा सांगितलं होतं तुला. पण तू असा पडलेला. मी तोंड उघडलं असतं तर लोक म्हणाले असते, मेलेल्याला आन् मोडलेल्याला दोष देऊन राह्यला. मी गप्प बसलो. इचरज लग्नाकार्याला जायची बंद झाली. विहीणबाईनं सुद्धा तोंडावर विचारलं." त्यांनी काठी जमिनीवर आपटली. "तू एक शब्द बोलला असता धर्मा. एक. कुणालाही."

 शेठ उन्हातच परत गेले. त्यांच्या मागं छत्री घेऊन धावायला नंदाबाई निघाली होती, पण ती दारातच थांबली.

नंदाबाईला ज्याची भीती होती ते झालं. पाणी भरायला गेली की बाया बोलायच्या थांबायच्या. कामाला आलेली कापडं दोघी-तिघींनी परत नेली. एक बाई तर तोंडावर म्हणाली, "बिचाऱ्या शेठला फुकटचं गाव बोललं." हीच बाई आधी शेठला काय म्हणत होती, ते नंदाबाईला पाठ होतं. तिनं ऐकून घेतलं. पावसाळ्यात शाळेचे ड्रेस शिवायची वेळ आली तेव्हा कापडं पुन्हा यायला लागली, कारण गावात दुसरी शिवणारी नव्हती. पण बोलणं पहिल्यासारखं झालं नाही. बालकिशनही दोन वर्षं फिरकला नाही. धर्मराजनं तो ट्रक खोक्यात भरून नंदाबाईच्या हाती दुकानात पाठवून दिला. तिनं तो काउंटरवर ठेवला आणि निघून आली.

एकदा तिनं विचारलं, "सांगून बरं वाटलं का तुम्हाला?"

त्यानं विचार केला. "न्हाई," तो म्हणाला. "पर आता तो आवाज ऐकत बसावं लागत न्हाई. आधी कुठला, मंग कुठला. ते थांबलं."

जखम भरायला दिवाळी उजाडली. नंतर तो तीनचाकी सायकल हातांनी चालवत पाटचारीपर्यंत जाऊ लागला. उसाच्या हंगामात तिथं सकाळचा बसायचा. भरलेला ट्रक किंवा ट्रॉली वळणावर हळू झाली की वाकून खाली बघायचा आणि पाटा बसलेला दिसला तर ओरडून सांगायचा. काही डायव्हर थांबून बघायचे. बरेचसे शिव्या देऊन पुढं जायचे, सकाळी सकाळी अपशकून नको म्हणायचे. तो तरी जायचा. नंदाबाईला ते आवडत नव्हतं, पण गादी म्हणून जुन्या कपड्यांची जाड घडी तीच त्याच्याखाली घालायची आणि दर तासाला अंग उचलायचं, विसरायचं नाही, हे बजावून सांगायची.

२००८ च्या उन्हाळ्यात त्याची लघवी अडली, ताप चढला. अशा माणसांना शेवटी मूत्रपिंड नेतं, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. जालन्याहून त्याचा देहच परत आला. माती गावात झाली. सुरजमल शेठ तेव्हा अंथरुणावर होते, बालकिशन आला, भावकीच्या मागं उभा राहिला आणि स्मशानापर्यंत चालत गेला.

घरी बाया जमल्या होत्या. नंदाबाईला न्हाणीघराकडं न्यायची वेळ झाली. कपाळ पुसायचं, बांगड्या काढायच्या, ते काम कुणी पुढं होऊन करेना. जावेनं नजर दुसरीकडं वळवली. भिंतीपाशी, सगळ्यांपासून लांब, कौसल्या बसली होती. ती कधी आली ते कुणी पाहिलं नव्हतं. ती उठली, नंदाबाईच्या दंडाला धरून तिला उभं केलं आणि म्हणाली, "चल. पानी काढून ठेवलंय."